आण्णांची पाठ

डिपॉझिट म्हणून अक्कांनी माझ्याकडं वाटीभर माती मागितली होती. भाडं ठरलं, नळाला पाणी किती वाजता येतं ते सांगून झालं, मी पर्समध्ये हात घालणार तोच त्या म्हणाल्या, "डिपॉझिटला पैसे नकोत. गाव कुठलं तुझं?"

"इचलकरंजी."

"मग तिथली माती आण वाटीभर. तुझ्या दारातली. दुसऱ्याच्या दारातली आणलीस तर मला कळतंय."

मला वाटलं, बाई करणीबिरणी करणारी दिसते. पण नव्वदीच्या सुरुवातीचे दिवस होते, मी नुकतीच एका ज्युनिअर कॉलेजात रसायनशास्त्र शिकवायला लागले होते, आणि कोल्हापूरच्या शिवाजी पेठेत एकट्या मुलीला खोली द्यायला कुणी तयार नव्हतं. आधीच्या चार घरमालकांनी मुलाखत घेतली ती माझ्या लग्नाची. त्यापेक्षा माती बरी. पुढच्या रविवारी घरी गेले आणि मागच्या दारातली काळी माती कॅरीबॅगेत भरून आणली. अक्कांनी पिशवीत बोटं घातली, चिमूटभर उचलली आणि सरळ जिभेवर ठेवली. डोळे मिटून जरा वेळ बसल्या. मग मोरीत जाऊन थुंकल्या.

"मशीनचं तेल हाय हिच्यात," म्हणाल्या. "तुमचे माग घराला लागूनच हायत काय?"

होते. आमच्या वडिलांचे चार यंत्रमाग घराच्या मागच्या शेडमध्येच चालायचे. पण हे मी त्यांना सांगितलं नव्हतं.

अक्का तेव्हा पन्नाशीच्या पुढं होत्या. नवरा लवकर गेला, माहेरी परत आल्या त्या कायमच्या. एका शाळेत मुलींना शिवण शिकवायच्या, तेही मुदतीआधी सोडलं आणि मातीच्या मागं लागल्या. त्या कापडावर मातीनं चित्रं काढायच्या. ब्रश नाही; बांबूच्या काडीला चिंधी गुंडाळायची, नाहीतर बोट. आणि चित्रं तरी कसली, तर एका कापडावर एकच वस्तू. गुळाची ढेप. विहिरीचा रहाट. म्हशीचं एक शिंग. विचारलं की म्हणायच्या, "जेवढी माती, तेवढंच बोलावं."

त्यांच्या स्वयंपाकघरात मांडणीवर बरण्याच बरण्या. प्रत्येकीवर चिठ्ठी: "शिरोळ, चुलतीच्या मळ्यातली", "चंदगड, काजूच्या बांधावरची, कंडक्टरनं दिली". एस्टी स्टँडवरचे निम्मे कंडक्टर त्यांच्या ओळखीचे. कुणीही पाहुणा दारात आला की चहाच्या आधी प्रश्न, "पावणं, कुठलं तुमी? येताना माती आणलासा काय?" पाहुणा गोंधळायचा. दुसऱ्या खेपेला मात्र घेऊन यायचा. माणसांना कुणी तरी आपल्या गावाची माती मागावी, असं आतून वाटतच असतं की काय कोण जाणे.

लाल, पिवळा, काळा हे शब्द त्या मातीबद्दल वापरायच्या नाहीत. "चंदगड घे जरा," म्हणायच्या. आणि दोन गावांची माती कधी एकत्र करायच्या नाहीत. मी एकदा शहाणपणा केला. म्हटलं, "अक्का, चंदगडात थोडी शिरोळ घातली की झकास चॉकलेटी होईल बघा."

"आणि मग ती कुठली म्हणायची?"

मी दोन्ही बरण्या आपापल्या जागी ठेवून दिल्या.

आता माती कापडावर बसत नाही हे उघड आहे. बसली असती तर जगातल्या आयांना पोरांचे कपडे धुता आले नसते. अक्कांचा सगळा खटाटोप ती बसावी म्हणून. माझा भाऊ आमच्या मागावरचं कोरं कापड द्यायचा. ते दोनदा उकळून त्याची खळ काढायची. मग हिरड्याच्या पाण्यात बुडवायचं. मग म्हशीच्या ताज्या दुधात. पाट्यावर वाटलेली माती पाण्यात ढवळायची, खडे खाली बसू द्यायचे, वरचं गढूळ पाणी गाळून निवळत ठेवायचं, आणि खाली जो लोण्यासारखा गाळ बसेल तो पुन्हा दुधात कालवून लावायचा. हे सगळं त्यांना कुणी शिकवलं होतं? कुणी नाही. चुकत चुकत आलं, म्हणायच्या.

दूध आणायला त्या संध्याकाळी दूधकट्ट्यावर जायच्या. तिथं रस्त्यातच म्हशी बांधलेल्या, समोर धार काढून फेसाळ ग्लास हातात. पैलवान पोरांची रांग, आणि त्या रांगेत स्टीलची बरणी घेऊन अक्का. गवळी वैतागायचा. "अक्का, हितं पैलवान ताटकळालेत आणि तुमी कापडाच्या धडप्यास्नी दूध पाजालाय."

"धडपं पिऊन रुबाब तर करत न्हाय," अक्का म्हणायच्या आणि बरणी पुढं करायच्या.

दुधात केसीन असतं, ते मातीचा कण सुताला चिकटवतं, हे मी त्यांना फळ्यावर शिकवावं तसं समजावून सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. "असंल," म्हणाल्या. "आमी त्येला चिकटपणा म्हणतो. मास्तरीण, ती मांजरं हाकल आधी." घरामागच्या परड्यात वाळत घातलेलं कापड दोन मांजरं चाटत होती.

एकदा मी त्यांच्या मांडणीवरची लाल बरणी कांदा-लसणाची चटणी समजून उचलली, वर माझ्या खोलीत नेली आणि आमटीत दोन चमचे घातली. पहिल्याच घासाला करकर. बरणी फिरवून चिठ्ठी वाचली आणि घाबरून खाली पळाले.

"अक्का, मी माती खाल्ली."

"कुठली?"

"चंदगड."

"घसा धरला काय?"

"नाही."

"मग काय हुत न्हाय. गोड हाय ती." दुसऱ्या दिवशी त्या चिठ्ठीखाली आणखी दोन शब्द आले होते: "खायची न्हाय".

एवढ्या गावांची माती घरात, पण भिंतीपलीकडची नव्हती. अक्कांच्या परड्याची मागची भिंत आणि तालमीची भिंत एकच. पहाटे पाचला शड्डूचे आवाज सुरू व्हायचे, मी उशी कानावर घ्यायची. अक्का मात्र त्याच वेळी परड्यात दगडावर येऊन बसायच्या, चहाचा कप हातात, तोंड भिंतीकडं. एकदा मी विचारलं, "पलीकडची माती का नाही हो तुमच्याकडं?"

"मागावी कशी?" म्हणाल्या. आणि त्या दिवशी त्यांनी आण्णांबद्दल सांगितलं.

आण्णा म्हणजे त्यांचे वडील, त्यांच्या काळचे नावाजलेले पैलवान, ह्याच तालमीतले. पण लेकीनं त्यांची कुस्ती कधी पाहिली नाही. मैदानाला बायका जायच्या नाहीत, तालमीत तर पायही ठेवायचा नाही. "मी न्हाणीत हुतो," अक्का म्हणाल्या. (आमच्याकडं बायकाही 'मी आलो, मी गेलो' म्हणतात, तेव्हा बुचकळ्यात पडू नका.) "आण्णा तालमीतनं आले की पाठमोरे बसायचे. मी तांब्यानं पाणी वतायचो आणि पाठ घासायचो. सात-आठ वर्सांचा असल्यापासनं. माती भराभरा जायची, पण तेल जायचं न्हाय. मी घासतच ऱ्हायचो. आई चुलीपासनं वराडायची, 'अगं, माती गेली की सोड. तेल कुठलं जातंय.' शाळेत गेलं तरी माज्या हाताला वास. हळद, कापूर, तेल. शेजारची पोरगी सरकून बसायची."

"मग?"

"मग काय, मला आवडायचा त्यो वास," अक्का म्हणाल्या. "साऱ्या कोल्हापूरनं आण्णांचं तोंड बघितलं. पाठ तेवढी माजी."

पुढं दोन-तीन वर्षांत तालमीत मॅट आणायचं ठरलं. बाहेरच्या स्पर्धा मॅटवर व्हायला लागल्या होत्या, मातीतल्या पोरांचे पाय तिथं घसरत होते. मातीचा हौदा बुजवून वर काँक्रीट करायचं, असा बेत. कुस्तीच्या हौद्यातली माती तेल, ताक, लिंबू, हळद घालून मळलेली; ती कुठंही टाकत नाहीत, पायदळी येऊ देत नाहीत. ती पंचगंगेत सोडायची होती, शुक्रवारी. अक्कांना हे बुधवारी कळलं. त्यांनी त्या दिवशी जेवण केलं नाही. गुरुवारी दुपारी मला म्हणाल्या, "घमेलं घे. माज्यासंगं चल."

तालमीच्या दारात वस्ताद बसले होते. सत्तरीचे, कान चेपलेले, आण्णांच्याच हाताखाली तयार झालेले. अक्कांनी उंबऱ्याबाहेरूनच सांगितलं, "वस्ताद, माती पायजे."

वस्ताद घुटमळले. "अक्का, ही कपाळाला लावायची माती. चित्रं काढायची न्हवं."

"आण्णांचं काढणार हाय."

त्यावर म्हाताऱ्याचा चेहराच बदलला. "मग असं करूया, नव्या हॉलात लावूया. खांद्यावर गदा, छाती फुडं. न्या घमेलंभर. ए, भर रे."

"माज्या हातानं भरीन," अक्का म्हणाल्या.

आत पाच-सहा पोरं लंगोटावर उभी होती. वस्तादांनी त्यांच्याकडं पाहिलं, मग जमिनीकडं. मग पोरांना चहा प्यायला पिटाळलं. "या," म्हणाले. "उद्यापास्नं हितं कुस्ती न्हाय. कुणाचं काय बिघडतंय."

अक्कांनी चपला काढल्या. हौद्याच्या काठाशी बसल्या, आत उतरल्या नाहीत. आधी हात आडवा करून मातीवर नुसता ठेवला. मग चिमूट जिभेवर. "लिंबू हाय. ताक हाय. तेल लई हाय," म्हणाल्या आणि ओंजळीनं भरायला लागल्या. घमेलं भरलं तरी बसूनच राहिल्या. जिनं सगळा जन्म भिंतीला तोंड करून काढला ती बाई भिंतीपलीकडं आली, तीही सगळं मोडायच्या आदल्या दिवशी. मला फार वाईट वाटलं. मी घमेलं उचललं.

शुक्रवारी बाकीची माती नदीत गेली. म्हणजे आता ह्या घमेल्याशिवाय दुसरी माती नव्हती, आणि ह्या मातीत आण्णा दिसले पाहिजेत, एवढं एकच अक्कांना हवं होतं.

आणि माती काही दाद देईना. पाण्यात टाकली तर पाण्याशी बोलायला तयार नाही, वर तेलाचा तवंग. दुधात कालवली तर दूध फाटलं. फाटणारच, एवढं लिंबू आणि ताक पोटात घेतलेली माती ती. दोन वेळा कापड वाया गेलं. तिसऱ्या वेळेला अक्कांनी पाटा धुतला आणि नुसत्या बसून राहिल्या.

मग मी, म्हणजे जिला वाटतं की जगातलं सगळं परीक्षानळीत मावतं, पुढं सरसावले. वाटीभर माती कॉलेजात नेली, धुण्याच्या सोड्यात उकळली, तीनदा धुतली, वाळवली. झकास मोकळी, तांबडी, भुरभुरीत माती निघाली. ऐटीत अक्कांच्या पुढं ठेवली. त्यांनी चिमूट जिभेवर ठेवली.

"ही कुठली माती?"

"तीच की. तेल काढलं सगळं. आता बसेल कापडावर."

"ही तालमीतली न्हवं. ही कुठल्याबी खड्ड्यातली हाय. जे काढायचं न्हवतं तेवढंच काढलंस बघ."

मला राग आला. दोन दिवस खपले होते मी. फणकाऱ्यात बोलून गेले, "मग चंदगड वापरा. रंग तोच आहे. हॉलात टांगल्यावर कुणाला कळणार आहे?"

अक्का चार दिवस माझ्याशी बोलल्या नाहीत. नळ आला की दारावर टकटक करायच्या, तेवढंच. मी त्या बाईकडं सहा वर्षं राहत होते आणि असं बोलले, ह्याची लाज मला अजून आहे.

पाचव्या दिवशी कॉलेजातून आले तर परड्यात जमिनीवर कापड अंथरलेलं, चार कोपऱ्यांवर चार बरण्या, आणि अक्का गुडघ्यांवर. दूध नाही, पाणी नाही, चिंधी नाही. घमेल्यातली माती तशीच तळव्यावर घ्यायची आणि कापडावर घासायची. वरून खाली, दाबून, सगळं वजन टाकून. खांदे झाले, मानेखालची खळगी झाली, कण्याची रेघ मनगटानं काढली. आण्णांची पाठ. तोंड नाही, गदा नाही. मी बोलावल्याशिवाय जवळ गेले. त्या घामानं निथळत होत्या. "बस," म्हणाल्या. चार दिवसांनी ऐकलेला पहिला शब्द.

दोन दिवसांनी वस्ताद बघायला आले. दोरीवर कापड टांगलं होतं. बराच वेळ बघून म्हणाले, "अक्का, हे न्हाय चालायचं."

"का?"

"पैलवानाच्या पाठीला माती दावालासा? आण्णांची पाठ मैदानात कवा लागली न्हाय. उद्या पोरं म्हणतील, वस्तादाचा वस्ताद चितपट झालता."

"तुमी मैदानातलं बघितलासा, वस्ताद. मी न्हाणीतलं बघितलंय. रोज लागत हुती माती. रोज तालमीत कोण तरी पाडत हुतं, त्याशिवाय शिकला कसा माणूस? तुमीबी पाडला असशीला की."

वस्तादांनी मान खाली घातली. ते नाही म्हणाले नाहीत. पण, "हॉलात न्हाय लावायचं," एवढं बोलून निघून गेले. दोघंही आपापल्या जागी खरे होते, मी कुणाची बाजू घेणार?

तसंही लावायला काही उरलं नाही. दूध नव्हतं, माती धरणार कशाला? रोज थोडी थोडी गळायला लागली. अक्का सकाळी दोरीखाली झाडायच्या आणि पडलेली माती पुन्हा घमेल्यात टाकायच्या. महिन्याभरात कापडावर नुसता एक ओशट, फिकट धब्बा राहिला, खांदे कुठले आणि काय कुठलं. "गेलं," अक्का म्हणाल्या आणि घडी घातली. त्यानंतर त्यांनी नवीन कापड उकळलं नाही. मांजरं बरेच दिवस येऊन बघून जायची.

वर्षभरानं मला चंदगडच्या कॉलेजात कायमची नोकरी लागली. निघताना अक्कांनी डिपॉझिट परत केलं: माझ्या दारातल्या काळ्या मातीनं काढलेला मागाचा धोटा, वीतभर कापडावर. कधी काढला होता ते त्यांनी सांगितलं नाही. मग ती ओशट घडीही माझ्या हातात दिली. "चंदगडात पाऊस लई. तुझी सर्टिफिकेटं ह्यात गुंडाळ. तेलकट हाय, ओल लागायची न्हाय."

"अक्का, हे आण्णांचं आहे."

"हुतं," त्या म्हणाल्या.

चंदगडात मी आठ पावसाळे काढले. ट्रंक माळ्यावर. पुढं कुठल्याशा पडताळणीसाठी मूळ सर्टिफिकेटं मागितली, तेव्हा ती घडी काढली. कापडावर तपकिरी डाग दिसला. म्हटलं ओल शिरली, गेलं सगळं. सर्टिफिकेटं कोरडी ठणठणीत होती. कापड झटकून उजेडात धरलं. खांदे होते. मानेखालची खळगी होती. कण्याची रेघ होती, आणि घासत गेलेल्या तळव्यांचे पट्टेसुद्धा, एकेक बोट मोजता येईल असे. तेल हवेनं पिवळं पडतं, पिवळ्याचं तपकिरी होतं. हे मी दरवर्षी मुलांना शिकवते. माझ्याच माळ्यावर ते आठ वर्षं चाललं होतं आणि मला एकदाही सुचलं नाही. मी ट्रंकेवर बसून रडले, खरं सांगते.

दुसऱ्या दिवशी सकाळची एस्टी धरली. अक्का थकल्या होत्या, एका डोळ्याचं ऑपरेशन झालेलं. भिंतीपलीकडून शड्डूचा नाही, मॅटवर पडल्याचा थप्प आवाज येत होता. वस्ताद जाऊन दोन वर्षं झाली होती. हॉलात आण्णांचा फ्लेक्स लागलाय म्हणाल्या, तोंड आण्णांचं आणि धड भलत्याच कुणाचं.

"काय आणलीस?" त्यांनी विचारलं. त्यांना माती म्हणायचं होतं.

मी कापड त्यांच्या मांडीवर उलगडलं. त्यांनी ते उचलून दाराच्या उजेडात नेलं, डोळ्याजवळ धरलं, लांब धरलं. मग खाली बसल्या, कापड जमिनीवर पसरलं आणि उजवा तळवा आण्णांच्या खांद्यावर ठेवला. दाबून कमरेपर्यंत घासत आणला. पुन्हा वर, पुन्हा खाली. तळवा नाकाशी नेला.

"वास येतोय?" मी विचारलं.

"न्हाय," म्हणाल्या. पुन्हा एकदा हुंगला. "येतोय."

तेल आणि हवेचं काय होतं ते माझ्या अगदी ओठांवर आलं होतं. पहिल्यांदाच मी गप्प बसले.

"आई सांगतच हुती," अक्का म्हणाल्या, "माती गेली की सोड, तेल कुठलं जातंय." आणि हात तिथंच ठेवून, "वस्ताद पायजे हुते आज. बघा म्हणलो असतो, पाठीला माती न्हाय."